डीजे कंट्रोलरचं मॅपिंग: स्वतःची फाइल बनवायची, बदलायची आणि सांभाळायची कशी

उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० वाजता स्पीकर बंद करावे लागतात. म्हणजे फोंड्यातलं लग्न असो की म्हापशातला वाढदिवस, वाजवायला मिळतात जेमतेम दोन-तीन तास. क्यूचं बटण (गाणं ठरलेल्या जागी आणणारं) का दाद देत नाही हे शोधण्याची ती वेळ नव्हे. मॅपिंगचं, म्हणजे कंट्रोलरच्या कोणत्या बटणानं सॉफ्टवेअरमध्ये काय व्हावं हे ठरवण्याचं, काम घरीच उरकावं.

इथे उदाहरण मिक्स या मोफत सॉफ्टवेअरचं घेतलं आहे (तेच, ज्याच्या इंग्रजी नावात शेवटी तीन एक्स आहेत). ट्रॅक्टर, सेराटो किंवा व्हर्च्युअल डीजे वापरणाऱ्यांना मेनू वेगळे दिसतील, पण आतला मिडी, म्हणजे कंट्रोलर आणि कॉम्प्युटर यांची आकड्यांची भाषा, तोच.

आधी कंट्रोलर काय बोलतो ते ऐका

बटण दाबलं की तीन आकडे जातात: स्टेटस, क्रमांक आणि व्हॅल्यू. पहिल्या चॅनलवरच्या बटणाचा स्टेटस हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) ९०. सोडल्यावर ८० येतो, किंवा ९०च येतो पण व्हॅल्यू ०. नॉब आणि फेडरचा (सरकवायच्या पट्टीचा) स्टेटस बी०, व्हॅल्यू ० ते १२७. मिक्स कंट्रोलर-डीबग पर्यायासह सुरू केलं की हे सगळं लॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदींत) ओळीओळीनं दिसतं.

आता कंट्रोलरला हात न लावता लॉग पाहा. ओळी आपोआप पडत असतील तर एखादा नॉब थरथरतोय. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत जुन्या कंट्रोलरचं हे नेहमीचं दुखणं. ते तसंच ठेवून सॉफ्टवेअरला बटणं शिकवायला बसलात तर तुम्ही दाबाल प्लेचं बटण आणि सॉफ्टवेअर पकडेल तो नॉब. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-वीस वेळा फिरवा. तेवढ्यानं भागलं नाही तर बंद कंट्रोलरवर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. घरातलं गंज काढायचं तेल अजिबात नको.

शिफ्टही इथेच तपासा. काही कंट्रोलर शिफ्ट धरल्यावर त्याच बटणाचा वेगळा क्रमांक किंवा वेगळा चॅनल पाठवतात. तसं असेल तर शिफ्टसाठी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहायची गरजच नाही, ते दुसरं बटण समजून सरळ मॅप करा.

मग प्रत

प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोलर्सच्या पानावर तुमच्या मॅपिंगचा फोल्डर उघडायचं बटण आहे. तयार मॅपिंग वापरत असाल तर त्याची प्रत याच फोल्डरात ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका, सॉफ्टवेअर अपडेट झालं की ती बदलू शकते. बहुतेक मॅपिंगच्या फाइली दोन: एक्सएमएल (कोणत्या बटणाला कोणतं काम याची यादी) आणि जेएस (स्क्रिप्ट). नाव देताना आधी मॉडेल, मग काम, मग वर्ष-महिना-दिवस या क्रमानं तारीख, म्हणजे फोल्डरात आपोआप क्रम लागतो.

फसगत होते ती पुढे. यादीत दिसतं ते फाइलचं नाव नव्हे, एक्सएमएलच्या आत नेम टॅगमध्ये लिहिलेलं नाव. तेही बदला, नाहीतर एकाच नावाची दोन मॅपिंग दिसतील आणि चुकीचं लोड होईल. जेएस फाइलचं नाव बदललं तर एक्सएमएलमधल्या स्क्रिप्टफाइल्सच्या ओळीतही बदलायला हवं. मात्र तिथला फंक्शनप्रिफिक्स जेएसमधल्या नावाशी अक्षरशः जुळला पाहिजे. लहान-मोठं एक अक्षर चुकलं तरी मॅपिंग लोड होतं आणि जॉग व्हील (गाणं हातानं पुढे-मागे फिरवायचं चाक) मुकं राहतं. नेम टॅगमध्ये ‘आणि’साठी अँपरसँडचं चिन्ह टाकलं तर एक्सएमएल वाचलंच जात नाही. सरळ ‘आणि’ लिहा.

शिकवणं आणि साफसफाई

साध्या बटणांना लर्निंग विझार्ड पुरे. पडद्यावरचं बटण निवडा, कंट्रोलरवरचं दाबा, पुढे. खरं काम नंतर इनपुट मॅपिंग्जच्या तक्त्यात. कंट्रोलच्या शीर्षकावर क्लिक करून तक्ता क्रमानं लावा. चॅनल, ओपकोड (संदेशाचा प्रकार) आणि कंट्रोल तिन्ही सारखे असलेल्या दोन ओळी दिसल्या तर एकाच बटणावर दोन कामं बसली आहेत. प्ले दाबल्यावर लूपही सुरू होतो, तो यामुळेच. नको ती ओळ काढा. कॉमेंटच्या रकान्यात ‘डावं डेक, वरून तिसरं पॅड’ असं मराठीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी क्रमांकावरून काही आठवत नाही.

एकच फेडर दोन डेकसाठी (डेक म्हणजे एक गाणं वाजवणारा भाग) वापरत असाल तर सॉफ्ट टेकओव्हर लावाच. पहिल्या डेकला फेडर खाली होता आणि तिसऱ्याचा आवाज पूर्ण आहे, अशा वेळी फेडर जरा हलला की आवाज धाडकन पडतो. हा पर्याय असला की फेडर पडद्यावरच्या जागेजवळ पोचेपर्यंत काहीच बदलत नाही.

टेम्पोच्या फेडरला १२८ पायऱ्या अपुऱ्या पडतात. पल्ला उणे ८ ते अधिक ८ टक्के असेल तर एक पायरी सुमारे ०.१३ टक्के, म्हणजे १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) गाण्यात ०.१५ बीपीएम. दोन गाणी हातानं जुळवताना हा फरक कानाला कळतो. कंट्रोलर १४ बिट पाठवत असेल तर पायऱ्या १६,३८४. त्यासाठी एकाच फेडरच्या दोन ओळी लागतात. त्यातली एक डुप्लिकेट समजून उडवू नका.

जॉग व्हीलनं स्क्रॅच करायला मात्र स्क्रिप्टच हवी. काही व्हील पुढे फिरवलं की ६५ आणि मागे ६३ पाठवतात, काही १ आणि १२७. हे ओळखल्याशिवाय दुसऱ्या मॉडेलची स्क्रिप्ट चिकटवली तर गाणं उलटं पळतं. एका पूर्ण फेरीत किती टिक (व्हीलचे संदेश) येतात तेही मोजून स्क्रिप्टमध्ये भरा. आकडा कमी पडला तर हात थोडा हलवला तरी गाणं भलतंच पुढे सरकतं.

दिव्यांचं खातं वेगळं, आउटपुट मॅपिंग्जमध्ये. बहुतेकदा बटणाचाच स्टेटस आणि क्रमांक परत पाठवला, चालूला १२७, बंदला ०, की दिवा लागतो.

निघण्याआधी

कंट्रोलर जोडून मगच मिक्स उघडा. मध्येच यूएसबी केबल सुटली तर अनेकदा मिक्स बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, म्हणून केबल टेबलाच्या पायाला टेपनं बांधा. एक्सएमएल आणि जेएस, दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घ्या. दुसऱ्याचा लॅपटॉप वापरायची वेळ आली तर त्यावरचं मिक्स तुमच्यापेक्षा जुनं नाही ना, हे आदल्या दिवशीच विचारा. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट जुन्यात अडू शकते.