सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताना आधी कार्पेट चाचपा

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी दार उघडा, खाली वाका आणि सीटच्या मागच्या कार्पेटमध्ये बोटं खुपसा. ओलं लागलं तर इंजिन कितीही गोड वाजू दे, घाई करू नका. मी हे केलं नव्हतं. मी आधी इंजिन ऐकलं, मग झाकलेले हेडलाइट डोळे उघडल्यासारखे वर येताना पाहिले, आणि माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

माझी गाडी म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरची. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी लोकांसमोर आली, पहिली पिढी १९९७ पर्यंत बनली, आणि सगळ्या पिढ्या धरून दहा लाखावी एमएक्स-५ २०१६ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. हे आकडे कौतुकासाठी देत नाहीये. गाड्या ढिगाने बनल्या की सुटे भाग मिळतात, आणि तेच दुखणं हजारोंनी सोसलेलं असलं की त्याचं औषधही ठरलेलं असतं. पहिल्यांदाच जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने दुर्मिळ मॉडेलच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत. दुर्मिळ गाडीचा टेललॅम्प फुटला की पुढचं वर्षभर तुम्ही गाडी चालवत नाही, टेललॅम्प शोधता. खाली सांगते ते माझ्या गाडीवरून, पण कापडी टप असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला त्यातलं बरंचसं लागू पडेल.

माझा पेशा लेखापरीक्षणाचा, त्यामुळे कागद बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. "ताई, या गाडीने एक दिवस त्रास दिला नाही," असं विकणारे गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले. तेव्हा बरं वाटलं. आता कोणी असं म्हटलं की मी सावध होते. तीस वर्षांच्या गाडीने त्रास दिला नाही याचा अर्थ ती चाललीच नाही, किंवा तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. बिलांची जाड, डागाळलेली फाईल असेल तर ती घरी मागून न्या आणि बिलं तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक बिलावर किलोमीटरचा आकडा असतो. तो मध्येच मागे सरकलेला दिसला तर बाकी काही बघायची गरज नाही. त्याच फाईलमध्ये टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडायला लावणाऱ्या रबरी पट्ट्याचं, बिल शोधा. माझ्या इंजिनात तो साधारण ९६,००० किलोमीटरला बदलतात, पण गाडी कमी चालली असेल तर किलोमीटरपेक्षा बेल्टचं वय बघावं. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. या इंजिनाची एक मेहेरबानी अशी की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त रस्त्यात बंद पडते. सगळ्या गाड्या इतक्या दयाळू नसतात, तुमची कोणत्या जातीची आहे ते आधी माहीत करून घ्या. वॉटर पंप फिरतो बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टवर, पण तो काढायला हा टायमिंग बेल्टही उतरवावा लागतो, तेव्हा बेल्ट काढलाच आहे तर पंप आणि पुढची ऑईल सीलं त्याच खोलाखोलीत बदला.

इंजिन थंड असताना सुरू झालेलं ऐकायला हवं. पोचलात की बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर कोणीतरी तुमच्यासाठी "तयारी" करून ठेवली आहे, परत दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिनातून टकटक येईल. पहिल्या पिढीत व्हॉल्व्ह दाबणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, ते ऑईलने भरेपर्यंत वाजतात. थोड्या वेळाने आवाज गेला तर ठीक. गरम झाल्यावरही टकटक चालूच असेल तर ऑईल जुनं आहे किंवा लिफ्टर चोंदलेत. सुरुवातीच्या १.६ गाड्यांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं आणि पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (लोखंडी पाचरीची) खाच झिजायची, म्हणून इंजिन चालू असताना खालच्या पुलीकडे नीट बघा. ती डगमगत फिरत असेल तर नमस्कार करून निघा. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी हवी. ती तपकिरी-शेवाळी दिसली तर लवकरच तडकणार असं समजा. हा खर्च मोठा नाही, भाव कमी करायला मात्र उपयोगी.

आता पाण्याकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे. लोकांना वाटतं स्पोर्ट्स कार बेफाम पळवून मरते. मला भेटलेल्या बहुतेक गाड्या उभ्या उभ्या, पाण्याने मेल्या आहेत.

कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या पन्हळीत जमतं आणि सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून नळ्यांवाटे खाली, मागच्या चाकांच्या पुढे गळून जातं. पाला, धूळ, टपाच्या कापडाचे धागे या भोकांत बसतात. मग पाणी दोन ठिकाणी जातं: कार्पेटखाली, आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये. सिल आतून कुजतं. बाहेरून रंग छान असतो आणि एक दिवस मागच्या चाकाच्या पुढे पत्र्याला बारीक फोड येतात. फोड दिसला म्हणजे आत भोक पडलेलं असतंच.

तपासायला कपभर पाणी पुरे. टप अर्धा उघडा, कोपऱ्यातल्या भोकात सावकाश पाणी ओता आणि कोणालातरी चाकाशी बसवून बघायला सांगा. माझ्या गाडीत उजवीकडचं पाणी लगेच खाली आलं. डावीकडे कप रिकामा झाला आणि खाली एक थेंब नाही. मी वाकून बघत राहिले. मिनिटभराने कार्पेटच्या कडेने ओल पसरताना दिसली.

भोक मोकळं करायला लोखंडी तार घालू नका, आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. आतली नळी जोडावरून निखळली तर पाणी कायमचं गाडीतच राहील. गवत कापायच्या यंत्रात असते तशी जाड नायलॉनची दोरी घ्यायची, टोक विस्तवाने किंचित वितळवून गोल करायचं आणि गोल फिरवत हळूहळू आत सरकवायची. माझ्या डाव्या नळीतून आधी काळा चिखल आला, मग नखाएवढ्या पानांचा लगदा, मग एकदम घोट सुटल्यासारखं पाणी. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक कप पाणी, वहीत तारीख, संपलं. सिल मात्र पत्रा कापून बसवावं लागलं. सीटमागचं कार्पेट आधीच चाचपलं असतं तर तो खर्च विकणाऱ्याच्या खात्यात गेला असता.

पाण्याचंच चाललंय तर टपाची मागची खिडकी. पहिल्या पिढीत ती प्लॅस्टिकची आहे. टप खाली करायच्या आधी चेन उघडून खिडकी सपाट पाडायची, थंडीत तर टपाला हातच लावायचा नाही. घडी पडलेल्या जागी प्लॅस्टिक पांढरं होतं आणि मग तडकतं.

गाडी घरी आली की पहिला महिना तिच्यावर एकही हौसेची वस्तू चढवू नका. रुंद चाकं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, सगळं नंतर. मी गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवला होता आणि तो पहिल्या सहा महिन्यांत संपला. आधी सगळी तेलं-पाणी बदला: इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड, गिअरबॉक्स, डिफरन्शियल. आधीच्या मालकाने "नुकतंच बदललंय" म्हटलं तरी बदला. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो.

गिअरबॉक्सचं ऑईल बदलताना एक क्रम पाळा. भरायचा वरचा बोल्ट आधी उघडा, सांडायचा खालचा नंतर. उलट केलंत, आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जॅकवर अडकून बसेल. अशी अडकलेली एक मैत्रीण मला माहीत आहे. तिची गाडी आठ दिवस हवेत होती. मी ७५डब्ल्यू-९० जीएल-४ प्रतीचं ऑईल घालते, साधारण दोन लिटर लागतं. थंडीत दुसरा गिअर खरखरतो, तो या गाडीचा स्वभावच आहे. पहिली पाच-दहा मिनिटं दमाने घ्या. पण गिअरच्या दांड्याखालून गरम हवा आणि इंजिनाचा आवाज वर येत असेल तर आतलं रबरी बूट फाटलंय. ते बदलताना दांड्याच्या बुडाशी असलेल्या छोट्या कप्प्यातही थोडं ऑईल घालायचं असतं, हे बरेच जण विसरतात. माझ्या गाडीत तो कप्पा कोरडा ठणठणीत होता.

गळतीबद्दल एक तक्रार सांगते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑईल टपकायला लागलं. गॅरेजवाल्यांनी खालून एकदा बॅटरी मारली आणि निकाल दिला: क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी एक दिवस मागून घेतला. इंजिनची मागची बाजू डिग्रीझरने धुतली, फडक्याने कोरडी केली, वीस किलोमीटर फिरून आले आणि छोटा आरसा घेऊन वरून बघितलं. सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर बसतो. ओल तिथून सुरू होत होती आणि हेडवरून ओघळत जोडावर जाऊन थेंब धरत होती. ऑईल टपकतं कुठून आणि सुटतं कुठून, या दोन जागा क्वचितच एक असतात.

सेन्सर काढायच्या आधी त्याच्यावर आणि हेडवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, कारण तो जरा जरी फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं. बोल्ट एकच, पण हात घालायला जागा नाही. माझ्या बोटांची सालं निघाली. सेन्सरखाली ऑईल अडवणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, असते; जुनी ओ-रिंग रबराची म्हणवत नव्हती, वाकवली तर कट्‌ आवाज करून तुटली. नवी ओ-रिंग ऑईलने पुसून बसवली, रेघेला रेघ जुळवली, गळती बंद. त्या सेन्सरच्या खालून हीटरचे पाइप जातात आणि ऑईल पडून पडून ते फुगून मऊ होतात, म्हणून तेही दाबून बघा.

मागच्या हँडब्रेकबद्दल. माझा लिव्हर अकरा खट्‌ वर जायचा आणि उतारावर गाडी तरीही सरकायची. बहुतेक जण केबल ओढून घेतात, ते चूक. खरं अ‍ॅडजस्टमेंट कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, आहे. पुढच्या चाकांना मागून-पुढून ठोकळे लावा, गाडी मागून उचलून स्टँडवर ठेवा (जॅक कधीही सिलच्या पातळ कडेला नको, ती कड दुमडते आणि तिथूनच गंज धरतो), हँडब्रेक सोडा. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमीची अ‍ॅलन की बसते. चाक अडेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग पाव ते तृतीयांश फेरा मागे. चाक हाताने मोकळं फिरायला हवं. दोन्ही बाजू झाल्या आणि लिव्हर सहा खट्‌वर आला. तिथेच असताना कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून बघा. कमी चालणाऱ्या गाड्यांत त्या जाम होतात आणि पॅड एका बाजूनेच झिजतात.

टायरचा खोल नक्षीदार पृष्ठभाग बघून भुलू नका. कडेवर चार आकडी तारीख असते: २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. माझ्या गाडीचे टायर दिसायला नवे होते आणि दहा वर्षांचे निघाले. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तेव्हा ही तारीख वाचायचं सुचलं.

बॅटरी डिकीत आहे आणि तिच्यातला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या आहेत. स्वस्तातली साधी बॅटरी टाकून त्या लोंबत ठेवल्या तर डिकीचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो. हेडलाइट वर यायचे बंद झाले तर घाबरू नका: फ्यूज काढा, बॉनेट उघडा, मोटरवरची रबरी टोपी काढून खालची घुंडी हाताने फिरवा, दिवा वर येतो.

गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची असेल तर आधी ऑईल बदला, जुन्या ऑईलमधलं आम्ल आत बसू देऊ नका. टाकी भरून ठेवा, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरीला मेन्टेनन्स चार्जर. हँडब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय असेल तर ती सोडा. त्यात इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. एकतर अर्धा तास चालवून आणा, नाहीतर हातच लावू नका. टप बंद, खिडक्या बोटभर उघड्या, आणि वर झाकायचं कापड हवा खेळणारं हवं, प्लॅस्टिक नको. परत बाहेर काढाल त्या दिवशी, किल्ली लावायच्या आधी, दोन्ही कोपऱ्यांत एकेक कप पाणी ओतून बघा.