मनगट दुखतंय? चोळण्याआधी जागा शोधा

सांगली-साताऱ्याकडं तालमीत कुणी पालथ्या हातावर पडलं की 'लचकलंय' म्हणून मनगट तेलानं चोळतात, कुणी ओढून 'बसवतं'ही. हे आधी थांबवा. मनगटात आठ बारकी हाडं दोन ओळींत असतात. कोपराकडच्या ओळीतल्या स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम या तीन हाडांना एकही स्नायू येऊन चिकटत नाही. ती जागेवर राहतात ती लिगामेंटच्या, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या जोरावर. लिगामेंट तुटलं तर मनगट कितीही कमावलं तरी ते सांधत नाही.

आधी चांगला हात चाचपा, मग दुखरा.

अंगठा ताणून वर उचला. त्याच्या बुडाशी दोन शिरांमध्ये (रक्ताच्या नव्हे, स्नायूच्या दोऱ्या) खळगा पडतो. तिथं दाबल्यावर दुखलं तर स्कॅफॉइड मोडलंय असंच धरून चाला. पहिल्या एक्स-रेत चीर दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. हात पट्टीत ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा काढतात. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकानं शिरतं, म्हणून मोड दुर्लक्षिली तर कोपराकडचा तुकडा मरू शकतो.

आता मनगटाच्या पाठीवर, मधोमध हाडाचा एक उंचवटा लागेल. तिथून बोटांकडं साधारण एक सेंटिमीटर सरका. हा स्कॅफॉइड-ल्युनेटमधला सांधा. इथं दुखतंय, पकड ढिली पडलीय, आत खट् होतंय, तर एक्स-रे मूठ आवळून आणि दोन्ही हातांचा काढायला सांगा. सैल हाताच्या फोटोत फट लपते. मुठीच्या दाबानं ती उघडते. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर हाताच्या सर्जनकडं लगेच जा. जुन्या दुखापतीत लिगामेंटची टोकं आखडतात, मग नुसतं शिवून भागत नाही.

करंगळीच्या बाजूला टोकदार हाड आणि तळहाताकडची जाड शीर यांच्यामध्ये मऊ जागा आहे. तिथं टीएफसीसी, म्हणजे कोपरापासून येणाऱ्या दोन हाडांना बांधणारी गादी. खुर्चीच्या हातांवर रेटून उठताना नेमकं तिथं दुखलं तर तिच्यावर संशय घ्या. गादीच्या कडेला रक्त पोचतं, मध्यभागी नाही. म्हणून मधली फाट आपोआप भरत नाही.

निदान होईपर्यंत मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधा आणि जोर बंद. बोटं बधिर झाली किंवा मनगटाचा आकार बदलला तर त्याच दिवशी दवाखाना. डॉक्टरांनी सोडल्यावरही सुरुवातीचे जोर तळहात टेकवून मारू नका. लाकडी हत्ते धरून मारा, म्हणजे मनगट मागं मुडपत नाही.