पिनांचं कुलूप: किल्लीविना कसं उघडतं आणि खाऱ्या वाऱ्यात का अडतं

पावसाळाभर बंद राहिलेलं घर गणपतीआधी उघडायला जावं आणि किल्ली अर्ध्यावरच अडावी, हे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही होतं. हातोडा शोधण्याआधी कुलपाच्या पोटात काय आहे ते कळलं, तर निम्मी कुलपं वाचतात.

आधी कुलूप कोणत्या जातीचं आहे ते बघा. गोल दांडी आणि टोकाला दातेरी पान अशी किल्ली असेल तर ते लिव्हरचं कुलूप. जुन्या घरांच्या दारांवर बहुधा हेच असतं आणि खालची रीत त्याला लागू नाही. किल्ली चपटी आणि एका कडेने करवतीसारखी कापलेली असेल, भोकात बॅटरी मारल्यावर पितळी ठिपका दिसत असेल, तर ते पिनांचं. चपट्या किल्लीचं हे रूप अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी १८६१च्या सुमारास घडवलं, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

बाहेरचं शरीर स्थिर असतं, त्यात किल्लीबरोबर फिरणारा गोल गाभा. दोन्हींतून आरपार पाच-सहा भोकं. प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक आणि त्यांना गाभ्याकडे रेटणारी स्प्रिंग. किल्लीकडची पिन प्रत्येक भोकात वेगळ्या लांबीची असते, वरची बहुधा सारखी. किल्ली नसताना वरची पिन अर्धी शरीरात, अर्धी गाभ्यात अडकून बसते आणि गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचा सांधा गाभ्याच्या कडेशी जुळतो. एका पिनेत मिलिमीटरच्या लहानशा अंशाची चूक झाली तरी दार बंदच. पाच पिना आणि प्रत्येकीसाठी किल्लीच्या खाचेच्या सहा पातळ्या धरल्या तर कागदावर ७,७७६ किल्ल्या होतात.

मग किल्लीविना उघडतं कसं? भोकं पाडताना ती कधीच तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. त्यामुळे गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम दाबल्या जात नाहीत, एखादीच आधी चिमटली जाते. ती सांध्यापर्यंत उचलली की गाभा केसभर सरकतो, वरची पिन गाभ्याच्या कडेवर टेकून राहते आणि पुढची पिन चिमटली जाते. पाच अंकांचं कोडं असं एकेक अंकाने सुटतं. सरावासाठी स्वतःचं किंवा मालकाने परवानगी दिलेलं कुलूपच घ्या, आणि रोजच्या दारावरचं मुळीच नको, कारण स्प्रिंगा वाकतात.

हत्यारं दोनच. एक पीळ द्यायची पट्टी, दुसरा आकडा. गाडीच्या वायपरमधली पोलादी पट्टी दोन्हीला चालते. पिळाच्या पट्टीचं टोक ८-१० मिलिमीटर काटकोनात वाकवा. आकड्यासाठी पट्टी साधारण अर्धा मिलिमीटर जाड हवी, टोक किंचित वर उचललेलं. घासताना दर काही क्षणांनी पाण्यात बुडवा, कारण पोलाद निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. कुलूप नवीन पितळी घ्या आणि किल्लीवाल्याकडून तीन पिना काढून घ्या. दोन पिनांवर हात बसला की तिसरी भरा.

पिळाची पट्टी भोकाच्या पिनांविरुद्धच्या टोकाला बसवा. दाराच्या कुलपांत कधी पिना वर असतात, कधी खाली, त्यामुळे किल्लीचे दात कुठल्या बाजूला जातात ते पाहून ठरवा. किल्ली ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला पीळ द्या, मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवावं इतकाच. नव्या हातांची हमखास चूक इथेच होते. जोर जास्त झाला की सगळ्या पिना दगडासारख्या लागतात आणि काहीच कळत नाही.

आता आकडा मागून पुढे आणत एकेक पिन दाबा. मोकळी पिन स्प्रिंगसारखी परत येते, ती सोडून द्या. एक पिन ताठ लागेल, ती हळूच उचला. बारीक ‘टिक्’ होते आणि पट्टीखाली गाभा जरा ढळतो. मग तीच पिन पुन्हा चाचपा. आता ती स्प्रिंगच्या जोराविना सैल हलली तर बसली म्हणायची. जराही हलत नसेल आणि गाभाही पुढे जात नसेल, तर ती गरजेपेक्षा वर गेली, किल्लीकडचा भाग सांध्यात अडकला. तशीच पुढे रेटू नका, पीळ थोडा सोडा, पिन पडल्याचा आवाज ऐका आणि पुन्हा धरा. पिनांचा क्रम ओळीने येत नाही, चौथी, पहिली, तिसरी असा काहीही असू शकतो, पण एका कुलपात तो बहुधा तोच राहतो. म्हणून टिपून ठेवा.

चांगल्या कुलपांत वरच्या पिना मध्ये बारीक केलेल्या, दोऱ्याच्या रिळासारख्या असतात. गाभा बराच फिरतो, उघडल्यासारखं वाटतं आणि तिथेच थांबतो. अशा पिनेला दाबलं की गाभा उलटा सरकायला बघतो. त्याला सरकू द्या, पीळ कमी करा, मगच ती पुढे बसते.

किनाऱ्यावर मात्र वेगळीच पंचाईत असते. मीठ आणि तांबड्या मातीची धूळ भोकात जाते, पितळ हिरवं पडतं, लोखंडी स्प्रिंगा गंजतात. पीळ न देता प्रत्येक पिन दाबून बघा. परत आली नाही तर ती बसलेली नाही, गंजाने चिकटलेली आहे. तिथे सगळं कौशल्य फुकट जातं, आधी धुवावं लागतं. आधी गोडं पाणी, कारण मीठ तेलात विरघळत नाही. मग पाणी हटवणारा, गंज सोडवणारा फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि किल्ली न फिरवता नुसती आत-बाहेर करा. किल्लीचे दात पुसून पुन्हा तेच. जोर लावून पिळली तर किल्ली सर्वांत खोल खाचेपाशी मोडते आणि तुकडा आत राहतो.

खोबरेल तेल घालण्याची सवय सोडा. पौष-माघाच्या पहाटे ते थिजतं आणि एरवी धूळ धरून चिखल करतं. ग्रॅफाइटची पूडही समुद्रकाठी नको, ओल्या मिठाच्या जोडीने ती धातू लवकर खाते. कोरडा टेफ्लॉन फवारा बरा, एकदा मिरगाआधी आणि एकदा पाऊस गेल्यावर. कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर आतली ओल आतच राहते, त्यापेक्षा सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून झापासारखा सोडा आणि खालची बाजू उघडी ठेवा.

आणि कुलपाच्या किमतीत पैसे ओतण्याआधी कोयंडा हलवून बघा. चोर सहसा आकडा घेऊन येत नाही, पहार घेऊन येतो. वाळवी लागलेल्या चौकटीत बसवलेला, गंजक्या स्क्रूंचा कोयंडा सहा पिनांच्या कुलपासकट उखडतो. स्टेनलेसचा कोयंडा घ्या, दारातून आरपार जाणारे बोल्ट टाका आणि नट आतल्या बाजूने आवळा.