युद्धाची बातमी आली की शेअर विकायचे का? आपल्या कोकणातल्या माणसाने आधी काय बघायचं

कुठे मिसाईल पडलं की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात येतंच, "मार्केट पडला, आता विकूचा काय रे?" आणि मग बारा जणांचे बारा सल्ले. माझं म्हणणं एवढंच की टीव्ही लावायच्या आधी कागद घ्या आणि घरात पैसा कुठून येतो ते लिहा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच घरांनी जगातली रिस्क आधीच घेतलेली असते, शेअर घेऊन नाही, धंद्यातून.

म्हणजे बघा, मुलगा दुबईला, हापूस आखातात जातो, काजूच्या फॅक्टरीत कच्ची बी आफ्रिकेतून येते आणि तिचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात, ट्रॉलर डिझेलवर. आता तेल महागलं तर ट्रॉलरवाल्याचं कंबरडं मोडतं, पण रुपया पडला की दुबईच्या पगाराचे इकडे जास्त रुपये होतात, म्हणजे एकच बातमी शेजारशेजारच्या दोन घरांना उलटी लागते. (आखातातच युद्ध पेटलं तर मात्र नोकरीचीच काळजी, तिथे रुपयाचा फायदा कोण मोजत बसणार.) तर ज्या गोष्टीवर घर चालतं त्याच गोष्टीवर चालणारे शेअर घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा टॅरिफ, म्हणजे आयात कर, ५० टक्क्यांवर नेला तेव्हा कोळंबी निर्यात करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आपटले, आता ज्याची कोळंबीच एक्स्पोर्टरला जाते त्याने ते शेअर पण घेतले असतील तर धंदा आणि बचत एकाच दिवशी बुडाली.

मग बातमी बाजारात कुठून शिरते ते बघायचं. सगळ्यात मोठा रस्ता तेलाचा. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, आणि जगात जेवढं तेल लागतं त्यातलं साधारण पाचातलं एक बॅरल इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं, त्यामुळे इराणकडे काही झालं की तेल वाढतं, डॉलरची मागणी वाढते, रुपया घसरतो, महागाई वाढते आणि रिझर्व्ह बँकेला व्याज कमी करता येत नाही, झालं, तुमचा ईएमआय तिथेच. पेंट, टायर, विमान कंपन्या यांना फटका, तेल काढणाऱ्या कंपन्यांना फायदा. दुसरा रस्ता अमेरिकेच्या व्याजाचा, २०२२-२३ मध्ये फेडने, म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेने, दर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत नेले, तिकडे घरबसल्या एवढं मिळायला लागलं की परदेशी फंड इकडचे शेअर विकतात. तिसरा जहाजांचा, २०२३ च्या शेवटापासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू केले तेव्हा न्हावा-शेवाहून युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला, भाडं वाढलं, दिवस वाढले.

पण पडलेला बाजार किती दिवस पडून राहील? इथे फरक समजून घ्या. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, सेन्सेक्स एका दिवसात २,७०२ अंकांनी पडला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ६३,००० च्या वर बंद झाला. उलट २००८ मध्ये अमेरिकेतल्या बँकाच डबघाईला आल्या होत्या, तेव्हा जानेवारीतल्या २१,००० वर परत यायला २०१० ची दिवाळी उजाडली. बॉम्बपेक्षा बँका बुडाल्या की मी जास्त घाबरतो, खरं सांगतो.

म्हणून तीन वर्षांत लागणारा पैसा, मुलीचं लग्न, घराचं छप्पर, इंजिनाचं काम, शेअरमध्ये नकोच. घरखर्चाचे सहा महिने बाजूला, आणि मच्छीमार असाल तर जून-जुलैची बंदी धरून अजून जास्त. हा पैसा बँकेत ठेवा, तिथे एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो विमा नाही, ओळखीचा चेअरमन असला तरी नाही.

आंबेवाल्यांचं वेगळं, पैसा एकदम एप्रिल-मे मध्ये येतो, मग सगळा एकाच दिवशी इक्विटीत, म्हणजे शेअरमध्ये, टाकायचा नाही, लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लगेच पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) ठेवून एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम आपोआप वळवायच्या सोयीने, दर महिन्याला थोडा थोडा सरकवा. नोकरीवाल्यांनी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दर महिन्याचा हप्ता, चालू ठेवायची, बाजार पडलेला असताना तर नक्कीच, कारण तेव्हाच युनिट जास्त मिळतात. सोनं दहा टक्क्यांच्या आसपास असू द्या, जगात भीती वाढली किंवा रुपया घसरला की ते बहुतेक वेळा वर जातं, पण त्यासाठी गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड), दागिना नाही, दागिन्याची मजुरी परत मिळत नाही आणि बायको तो विकू पण देणार नाही.

आणि युद्ध लागलं की टेलिग्रामवर डिफेन्स शेअरच्या टिपा सुरू होतात, देणाऱ्याचं नाव सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर रजिस्टर्ड अ‍ॅडव्हायझर किंवा रिसर्च अ‍ॅनालिस्टच्या यादीत शोधा, नसेल तर ग्रुप सोडून द्या.