पब्लिक लँडवर हरणाची शिकार: पेन्सिल्व्हेनियात सुरुवात कशी करावी

पेन्सिल्व्हेनियात कोणी नव्यानं हंटिंग सुरू करायचं म्हटलं की आजूबाजूचे लोक आधी खरेदीची यादी देतात. अमुक कंपनीचं कॅमो जॅकेट घे, अंगाचा वास घालवणारा स्प्रे घे, हरणाला बोलवायची शिट्टी घे, बंदूक भारीतली घे. वाऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आणि पब्लिक लँडवर हरीण दिसणार की नाही हे सगळ्यात जास्त वाऱ्यावरच ठरतं, म्हणून बाकी सगळं मी भराभर उरकणार आहे आणि वाऱ्यापाशी थांबणार आहे.

आधी एक सांगून ठेवतो, हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार गुन्हा आहे, सुट्टीत गावी गेल्यावर कोणी हौस म्हणून आग्रह केला तरी स्पष्ट नाही म्हणा. इथली गोष्ट वेगळी आहे. १८९५ साली राज्याचं गेम कमिशन स्थापन झालं तेव्हा बेसुमार शिकार आणि जंगलतोडीनं हरणं जवळजवळ संपत आली होती, ती परत वाढली ती नियमांमुळे, आणि त्या कामाला पैसा आला तो लायसन्सच्या फीमधून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा जो कर वन्यजीवांसाठी राखला त्यातून. आज नुसती स्टेट गेम लँड्स म्हणून सुमारे १५ लाख एकर जमीन आहे, शिवाय स्टेट फॉरेस्ट साधारण २२ लाख एकर आणि वायव्येला अ‍ॅलेगेनी नॅशनल फॉरेस्ट पाचेक लाख एकर. या जमिनीवर शिकारीला जायचा हक्क तुम्हाला आहे, कोणा शेतकऱ्याची ओळख काढावी लागत नाही.

कागदपत्रं

हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करा, मोठ्यांना तो ऑनलाइन करता येतो. मग हंटिंग लायसन्स, राज्यात राहणाऱ्या प्रौढाला साधारण २१ डॉलर. त्यासोबत अँटलरलेस टॅग म्हणजे मादीचं वेगळं लायसन्स नक्की घ्या. नवीन माणसाला शिंगवाल्या नराचा नाद लागतो पण २००२ पासून इथे शिंगांच्या टोकांचे नियम आहेत, बहुतेक भागात एका बाजूला किमान तीन टोकं लागतात, आणि झाडीतून पळणाऱ्या हरणाची टोकं मोजत बसणं हे पहिल्या वर्षी जमणारं काम नाही. डो म्हणजे मादी मारा, मटण चांगलं मिळतं, आणि हरणांची संख्या आटोक्यात राहते तीही मुख्यतः माद्यांच्या शिकारीमुळेच. अँटलरलेस टॅग ठरावीक डब्ल्यूएमयूपुरता (वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिट, म्हणजे राज्याचे शिकारीसाठी पाडलेले विभाग) असतो आणि काही भागांतले लवकर संपतात, त्यामुळे जागा कुठली ते उन्हाळ्यातच ठरवा.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, जे बंदुकीच्या दुकानातला माणूस पण कधीकधी नीट सांगत नाही. एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगायलाही बंदी आहे. यातून सुटकेचे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स. म्हणजे क्रम ठरला, आधी लायसन्स मग बंदूक, मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर ट्राय करायची असली तरी आधी नीट चौकशी. आणि इथलं लायसन्सचं वर्ष ३० जूनला संपतं. सीझन संपला, बंदूक कपाटात आहे, लायसन्स रिन्यू करायचं राहून गेलं, तर तुम्ही घरात बसल्याबसल्या कायदा मोडताय. व्हिसावर असताना ही चूक परवडणारी नाही, नवीन लायसन्स जूनमध्येच घेऊन ठेवा. शंका असेल तर वकिलाला विचारा, ऑफिसमधल्या कलीगला नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. आणि धनुष्य किंवा क्रॉसबो या कायद्यात फायरआर्म म्हणून मोजले जात नाहीत, बऱ्याच जणांना सुरुवातीला तोच मार्ग सोयीचा पडतो.

बंदूक आणि कपडे

.२४३ किंवा .३०८ ची साधी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, १०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तेवढ्या अंतरावर नेम बरोबर बसेल अशी जुळवलेली. बास.

रायफल सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच फ्लोरोसंट ऑरेंज चारही बाजूंनी दिसेल असं घालणं सक्तीचं आहे. त्यानं हरीण घाबरेल ही चिंता सोडा, हरणाच्या डोळ्याला लाल-नारिंगी नीट ओळखू येत नाही, त्याला दिसते ती हालचाल. त्यामुळे महागडा कॅमो घेण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या बुटांवर आणि लोकरीच्या मोज्यांवर घाला, कारण पाय गारठले की माणूस चुळबुळ करतो.

जागा, आणि वारा

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे, आणि नवीन लोक सोडून देतात तेही इथेच.

जागा शोधायचं काम सीझनच्या आदल्या दिवशी होत नाही. उत्तम वेळ फेब्रुवारी-मार्च. पानं गळलेली असतात, गेल्या सीझनच्या खुणा तशाच असतात, झाडावर शिंगं घासलेल्या जागा, रोजच्या वाटा, पालापाचोळ्यात बसल्याचे खळगे सगळं उघडं दिसतं. घरी आधी कंटूरचा नकाशा घेऊन बसा. सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला हे लवकर जमतं, कारण बघायचं तेच आहे, खिंड कुठे आहे, मुख्य धारेवरून सोंड कुठे उतरते, उतारावर मध्येच सपाट पदर कुठे लागतो. हरीणही माणसासारखंच सोपी वाट धरतं, धार ओलांडायची तर खिंडीतून आणि उताराला आडवं जायचं तर पदरावरून. त्यात खाणं कुठे आहे ते जोडा. व्हाइट ओकचे एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, कमी तुरट असतात, ते पडले की हरणं आधी तिकडे जातात, ते संपले की रेड ओकखाली. आणि लपायला माउंटन लॉरेलची दाट झुडपं किंवा काही वर्षांपूर्वी तोडून पुन्हा वाढलेलं जंगल. खाण्याची जागा आणि लपायची जागा यांच्या मधली खिंड किंवा पदर सापडला की निम्मं काम झालं.

"पार्किंगपासून जितकं लांब जाल तितकं चांगलं" हा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. तीन मैल आत जाऊन हरीण पाडलं तर ते तीन मैल ओढत आणायचंय, तेही एकट्यानं, चढावरून. हरीण मैल मोजत नाही, माणसं जिकडे जात नाहीत तिकडे जातं, आणि तशी जागा कधीकधी रस्त्यालगतच्या लॉरेलच्या गचपणात असते जिथून सगळे शिकारी सकाळी सरळ पुढे निघून जातात.

आता वारा. हरणाला तुम्ही दिसलात तर ते थबकून बघेल, पाय आपटेल, कदाचित थांबेलही. पण वास आला की विषय संपला, फुस्स करून नाकातून जोरात आवाज काढतं आणि पांढरी शेपटी वर करून पसार. आणि बरेचदा तर फुस्सही ऐकू येत नाही, ते तुमच्यापासून लांबूनच वळून जातं आणि तुम्ही दिवसभर बसून म्हणता की इथे हरणंच नाहीत.

फोनवर वायव्येचा वारा दाखवतोय म्हणून त्या हिशोबानं बसलात तर डोंगरात फसगत होते. फोनवरचा वारा मोकळ्यावरचा असतो. डोंगर उतारावर हवेची स्वतःची ये-जा असते. रात्री थंड झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली ओघळते, हे उजाडल्यावरही काही वेळ चालू राहतं. मग ऊन उतारावर पडलं की हवा तापून वर चढायला लागते. संध्याकाळी ऊन गेलं की परत खाली. पूर्वेकडच्या उताराला ऊन आधी लागतं म्हणून तिथे हवा लवकर फिरते, पश्चिमेकडच्या किंवा उत्तरेकडच्या उतारावर उशिरा. ढगाळ दिवशी हा खेळ मंदावतो, जोराचा वारा असेल तर तोच वरचढ ठरतो, पण शांत थंड सकाळी, जी शिकारीला सगळ्यात छान वाटते, तिथे सगळा कारभार या चढत्या-उतरत्या हवेचाच.

म्हणून माझा नियम असा की हवा वर चढायला लागली की हरणांच्या वरच्या अंगाला बसायचं म्हणजे वास डोक्यावरून निघून जातो, आणि संध्याकाळी खालच्या अंगाला. पहाटे अंधारात धारेवरून चालत जाऊन खाली हरणं चरत असलेल्या बाजूला तोंड करून बसणं सगळ्यात वाईट, तुमचा वास सरळ त्यांच्या नाकात ओघळत असतो आणि तुम्हाला वाटतं आपण किती लवकर येऊन बसलोय. आणि दोन ओढे मिळतात ती तळातली जागा टाळा. तिथे खुणा एवढ्या दिसतात की मोह होतो, पण सगळीकडची हवा तिथे येऊन गोल फिरते, कुठेही बसा, वास चारी बाजूंना जाणारच.

वारा बघायला पावडरची बाटली विकतात. ती पावडर हातभर अंतरावर दिसेनाशी होते, पुढे हवा कुठे वळली ते कळतच नाही. त्यापेक्षा मिल्कवीडची बोंडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोळा करून ठेवा, आपल्याकडच्या रुईच्याच कुळातलं झाड, लहानपणी आपण ज्या म्हाताऱ्या उडवायचो अगदी तसल्याच निघतात. एक सोडायची आणि नजरेआड होईपर्यंत बघत राहायचं. इथून उजवीकडे गेली, त्या ओकपाशी खाली बसली, मग अचानक वर उचलली गेली, असं लांबवरचं सगळं दिसतं. सीझनच्या आधी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा प्रत्येक जागेवर हे करून बघा आणि नकाशावर लिहून ठेवा. दोन वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी दोन जागा तयार पाहिजेतच. वारा चुकीचा असेल त्या दिवशी आवडत्या जागेवर जायचं नाही. "जाऊन तर बघू" असं करून लोक चांगली जागा जाळतात, एकदा वास लागला की हरणं त्या वाटेनं यायचं कमी करतात.

जाण्याची वाटही यातच आली. हरणांच्या वाटा ओलांडत बसायच्या जागेवर जायचं असेल तर ती जागा चांगली नाही, मग खुणा कितीही असोत. थोडं वळसा घालून, ओढ्याच्या पात्रातून, कसंही, पण त्यांच्या अंगणातून नको. आणि वास घालवणाऱ्या स्प्रेवर एक डॉलरही घालवू नका. चढ चढून घाम आलेल्या माणसाचा वास कुठल्याही बाटलीनं जात नाही.

त्या दिवशी

रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. कायद्यानं शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, तुम्ही त्याच्या बरंच आधी जागेवर असा. पहिल्या वर्षी ट्री स्टँडच्या, म्हणजे झाडावर बांधायच्या बैठकीच्या, फंदात पडू नका, खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ लावून जमिनीवर बसा. वर चढायचंच असेल तर जमीन सोडल्यापासून हार्नेस (झाडाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा), आणि बंदूक रिकामी करून दोरीनं वर ओढायची. डबा बरोबर न्या आणि दुपारी बसूनच राहा, बाकीचे लोक जेवायला गाडीकडे चालायला लागले की तेच हरणं उठवतात. माणसं राहत असलेल्या घरापासून १५० यार्डांच्या आत बंदूक चालवायची नाही. आवाजावर, हालचालीवर, ठिपक्यावर कधीच गोळी नाही. पूर्ण हरीण दिसलं पाहिजे, त्याच्या मागे काय आहे तेही दिसलं पाहिजे. आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या जरा मागे, फुप्फुसात. तसं उभं राहिलं नाही तर जाऊ द्या.

नंतर

गोळी लागली की अर्धा तास जागचं हलू नका. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबायचं, घाई केली तर जखमी हरीण उठून लांब जातं आणि कोणाच्याच हाती लागत नाही, जनावराचे हाल होतात ते वेगळेच. सापडल्यावर हलवायच्या आधी टॅग भरून कानाला बांधा. मग लगेच पोट साफ करा, सुरीचं पातं वरच्या बाजूला ठेवून, आतडं किंवा मूत्राशय फुटू न देता. आत हवा खेळली पाहिजे, मांस खराब होतं ते बहुतेक वेळा उष्णतेनं. ओढायला मुलांची बर्फावरची प्लॅस्टिकची स्लेड बेस्ट. गेम कमिशनला १० दिवसांत रिपोर्ट करायचं.

राज्यात २०१२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडतोय. ज्या भागांत तो आहे तिथून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर न्यायला बंदी असते, तिथे डोकं टाकायला पेट्या ठेवलेल्या असतात आणि तपासणी फुकट होते. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही.

घरी आणल्यावर पांढरी चरबी सगळी काढून टाका, ती ताटात मेणासारखी गोठते आणि "हरणाच्या मटणाला वास येतो" म्हणतात त्यातला बराचसा तिचाच असतो. मांडी आणि खांदा कुकरला लावून रस्सा किंवा सुक्कं, मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे, बॅकस्ट्रॅप, ते मात्र रश्श्यात घालू नका, मीठ-मिरी लावून गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी जरा वेळ, आत गुलाबी राहिले पाहिजेत. फ्रीझर भरला आणि अजून टॅग शिल्लक असेल तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट म्हणून कार्यक्रम आहे, १९९१ पासून चालू, त्यात सामील असलेल्या कसायाकडे हरीण नेऊन दिलं की मांस फूड बँकेला जातं. जवळचा कसाई कुठला ते सीझनच्या आधीच फोन करून विचारून ठेवा, पहिल्या शनिवारी त्यांच्याकडे खूप गर्दी असते.