हाताने पत्रिका करताय? मग कागद नीट कापायचा आणि घडी घालायची कशी ते बघा

पत्रिका घरी करायची ठरली की सगळ्यांचं लक्ष आधी रंग, लेस, चमकी याकडेच जातं, पण कार्ड हातात घेतल्यावर पहिलं खटकतं ते तिरकी कड आणि घडीवर फुटलेला कागद. आणि याचा तुमचा हात किती सफाईदार आहे याच्याशी फारसा संबंध नसतो, बरंचसं काम कटर उचलायच्या आधीच ठरलेलं असतं.

सुरुवात पाकिटापासून करा, उलटं वाटेल पण तेच बरं पडतं. ए५ कागद मधोमध दुमडला की ए६ होतो, म्हणजे १०५ बाय १४८ मिमी, तो सी६ पाकिटात (११४ बाय १६२) आरामात बसतो. ए४ दुमडला तर ए५ होतो, त्याला सी५ पाकीट लागतं. वरून रिबीन किंवा फुलं चिकटवणार असाल तर जाडी वाढते, मग एक पूर्ण सजवलेलं कार्ड करून पाकिटात घालून बघा आणि मगच बाकीचा कागद कापा.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक जण सोडूनच देतात. कागदाला दिशा असते. मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू जास्त करून एकाच दिशेने लागतात, त्याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर घातली तर सरळ आणि गुळगुळीत बसते, आडवी घातली तर जाड कार्ड घडीवर खडबडीत होतं, तडकतं, आणि वर छापील रंग असेल तर आतला पांढरा कागद दिसायला लागतो. ओळखायचं कसं, तर कागद न मोडता हलकेच वाकवून बघा, आधी उभा मग आडवा, ज्या बाजूने वाकवताना कमी जोर लागतो ती वाकाची रेघ म्हणजे ग्रेनची दिशा. नाही कळलं तर चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करा, तो गुंडाळायला लागतो, आणि त्या नळीची लांबी ज्या दिशेने तीच ग्रेनची दिशा. हॅन्डमेड कागदात ही भानगड जवळजवळ नसते, तो कुठूनही सारखाच वाकतो.

बरेचसे ए४ कागद लांब बाजूने ग्रेन असलेले असतात, म्हणजे आपण नेहमी घालतो ती मधली घडी नेमकी ग्रेनच्या आडवी येते. यावर सोपा उपाय म्हणजे लांब बाजूने ग्रेन असलेला ए३ कागद घ्यायचा आणि त्याचे मधून दोन ए४ करायचे, आता ग्रेन छोट्या बाजूला समांतर आलं आणि घडी आपोआप बरोबर दिशेला. थोडं जास्त कापावं लागतं पण जाड कार्डला खरंच फरक पडतो.

कापायला स्टीलची पट्टी, कटिंग मॅट आणि नवीन पातं. काचेवर कापू नका, पातं लगेच बोथट होतं. प्लास्टिकची पट्टी तर नकोच, कटर तिच्यातच घुसतो आणि पुढची प्रत्येक कड वाकडी. पट्टी ठेवायची ती कार्डाच्या कामाच्या भागावर, म्हणजे हात सटकला तरी कट वाया जाणाऱ्या तुकड्यात जातो. जाड कागद एकाच फटक्यात कापायचा हट्ट सोडा, हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेघेवर फिरवा, पट्टी मात्र मध्ये हलवायची नाही, आणि पट्टी धरलेल्या हाताची बोटं कडेच्या आत ठेवा. शक्यतो उभं राहून वरून बघत कापा, बसून बघितलं की रेघ किंचित सरकलेली दिसते. कापताना कागदाचे धागे ओढले जायला लागले की पात्याचं टोक तोडून टाका, कंजुषी करू नका.

मापं नेहमी कागदाच्या एकाच कडेपासून घ्या, प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावरून मोजत गेलात तर चूक वाढत जाते. खूप कार्डं असतील तर जाड पुठ्ठ्याचा एक साचा करून त्यावरूनच खुणा करा, पेन्सिलीऐवजी सुईचं बारीक टोचणं बरं, खोडायला नको. कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्या लावून बघा. ट्रिमर (कागद कापायचं छोटं यंत्र) असला तरी एका वेळी दोन-चारच कागद घाला, गठ्ठा घातला की खालचे सरकतात. जाळी किंवा खिडकी कापायची असेल तर आधी आतलं कापा, बाहेरची कड सगळ्यात शेवटी.

घडीच्या आधी स्कोअरिंग, म्हणजे घडीच्या रेघेवर दाबून खाच पाडायची. १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरच्या कागदाला हे केलंच पाहिजे, साध्या प्रिंटच्या कागदाला नाही केलं तरी चालतं. बोन फोल्डर (खाच पाडायची आणि घडी दाबायची बोथट टोकाची पट्टी) नसला तर शाई संपलेलं बॉलपेन चालतं, खाली मॅट असू द्या म्हणजे खाच नीट उमटते. खाच पाडली की मागच्या बाजूला उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. इथे अनेक जण उलटं करतात. कारण असं, की उंचवटा आत राहिला तर बाहेरचा थर कमी ताणला जातो आणि फुटत नाही. मग दोन्ही कडा जुळवून मधून बाहेर घडी दाबा. गडद कागदावर बोन फोल्डर थेट घासला तर चकाकणारा डाग पडतो, मध्ये बटर पेपर ठेवा.

दोन घड्या घालून तीन भाग होणाऱ्या पत्रिकेत तिन्ही भाग सारखे करू नका. ए४ चे २९७ मिमी असतात ते १००, १०० आणि ९७ असे वाटा, ९७ चा भाग आत जाणारा, नाहीतर तो घडीला अडकून फुगतो. हे डीएल पाकिटात (११० बाय २२०) बसतं. दाराच्या दोन पाखांसारखी उघडणारी पत्रिका हवी असेल तर मध्ये १४९ आणि दोन्ही बाजूला ७४-७४, त्यात १ मिमीची फट राहते म्हणजे कडा एकमेकांवर चढत नाहीत. आत वेगळा पातळ कागद घालणार असाल तर तो कार्डात बसवून, दुमडून मग कापा, आधी कापलात तर घडीमुळे बाहेर डोकावतो.

सजावट लावायच्या आधी सगळी कार्डं जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा, रिबीन आणि फुलं त्यानंतरच, नाहीतर ती चपटी होतात आणि पलीकडच्या कार्डावर वळ उठतात.