ट्रस्टच्या दवाखान्यात नाव घालण्याआधी काय विचारावं

माझ्या धाकट्या जावेचं दुसरं सिझर एका धार्मिक ट्रस्टच्या दवाखान्यात ठरलं होतं. जागा स्वच्छ, बिल माफक, सिस्टर मायाळू. आदल्या रात्री संमतीच्या कागदावर सही करता करता तिनं सहज विचारलं, "यातच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन पण होऊन जाईल ना?"

सिस्टरनं पेनाला टोपण लावलं. "ते इथं होत नाही."

"डॉक्टर नाहीत का?"

"डॉक्टर आहेत ओ. संस्थेचा नियम आहे."

जाऊ माझ्याकडे वळली. "अक्का, म्हणजे परत टेबलावर चढायचं?"

चढावं लागलं. दोन महिन्यांनी सोलापूरच्या सिव्हिलला ऑपरेशन झालं, तान्हं पोर बाहेर माझ्या मांडीवर. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईची मजुरी दोनदा बुडाली. तो नियम दवाखान्याच्या एकाही पाटीवर लिहिलेला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. काय विचारायला हवं होतं, ते आता सांगते.

दवाखाना कुणाचा, ते बघा

पाटीवर ट्रस्ट, मिशन, सोसायटी असं काही असेल, तर चालवणारी संस्था कोणती ते विचारून घ्या. कॅथलिक चर्चच्या संस्था कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, तांबी, गर्भनिरोधक गोळ्या आणि गर्भपात यांना हात लावत नाहीत. कृत्रिम साधनं नकोत, ही चर्चची भूमिका पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली पुन्हा पक्की केली आणि जगभरातले कॅथलिक दवाखाने तीच धरून चालतात. प्रोटेस्टंट मिशनच्या दवाखान्यांत मात्र कुटुंब नियोजन बहुधा चालतं. म्हणजे नुसता 'मिशन' हा शब्द वाचून काहीच कळत नाही. बाकीच्या धर्मांच्या ट्रस्टमध्ये तर विश्वस्त मंडळ ठरवेल तसं. विश्वस्त बदलले की नियमही बदलू शकतो, त्यामुळे "आमच्या नणंदेचं तिथंच झालं होतं" हा पुरावा धरू नका.

सातव्या महिन्याच्या आत विचारा

हे काउंटरवर विचारू नका. तिथला मुलगा "सगळं होतं" म्हणून मोकळा होतो. तपासायला गेलात की स्त्रीरोग डॉक्टरांनाच विचारा, आणि गोल गोल नको, थेट:

"सिझर झालं तर त्याच वेळी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन कराल का?"

"बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवून मिळेल का?" (ती ४८ तासांच्या आत बसवता येते.)

"मध्येच पाणी गेलं, बाळ जगण्यासारखं नाही, पण ठोके चालू आहेत, तर तुम्ही काय करता?"

तिसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. घरात सातव्या महिन्याचा चोळखण आणलेला असतो आणि आपण असलं अभद्र कशाला बोलायचं, असं वाटतं. तरी विचारा. बेळगावच्या सविता हालप्पनवर ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात होत्या. १७ आठवड्यांचा गर्भ वाचणार नव्हता, पण ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ तारखेला त्या गेल्या. रुग्णालय सरकारी होतं आणि आड आला तो तिथला कायदा. २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडनं घटनेतलं ते कलम काढलं. आपल्याकडे कायदा असा आडवा येत नाही, पण संस्थेचा नियम येऊ शकतो.

डॉक्टर "हो" म्हणाले तर केसपेपरवर लिहून घ्या: "सिझरसोबत कु. नि. शस्त्रक्रिया हवी." लिहायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

"नाही" म्हणाले, तर कसलं "नाही" ते ओळखा

गर्भपात वाटेल त्या खासगी दवाखान्यात करता येत नाही. जिल्हा समितीची मान्यता लागते, आणि ते प्रमाणपत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावावं लागतं. ते नसेल तर डॉक्टरांचा नकार रास्त आहे, तिथं वाद घालून वेळ घालवू नका.

दुसरं "नाही" संस्थेचं. खासगी संस्थेला अमुक सेवा दिलीच पाहिजे म्हणून जागेवर भाग पाडणं अवघड. पण मग रेफर चिठ्ठी, सोनोग्राफी आणि सगळे रिपोर्ट मागून घ्या. ते तुमचेच आहेत.

तिसरं "नाही" डॉक्टरांच्या स्वतःच्या श्रद्धेचं, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यांतला ७.१५ सांगतो की वैद्यकीय कारण असताना नसबंदी, संततिनियमन किंवा गर्भपात यांत मदत करायला केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरांनी नकार देऊ नये. ते काम आपल्याला जमत नाही असं त्यांना वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. हा नियम डॉक्टरांना लागू आहे, ट्रस्टला नाही. तरीही "माझ्या धर्मात बसत नाही" एवढं एकच कारण कुणी दिलं, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

दिवस मोजा

गर्भपाताच्या बाबतीत एकेक आठवडा महत्त्वाचा. गोळ्यांनी होतो तो नऊ आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलमधून गुपचूप आणून नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि ठरावीक परिस्थितीच चालते: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भात व्यंग वगैरे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. कोर्टात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे.

सही फक्त बाईची. १८ पूर्ण असतील तर नवऱ्याची, सासूची, कुणाचीही लागत नाही. लग्न झालेलं नसलं म्हणून हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आमच्या गल्लीतला कंपाउंडर आहे तिथं" या भीतीनं घरी बसू नका.

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन बाळंतपणानंतर सात दिवसांत होतं. ते हुकलं की सहा आठवडे थांबावं लागतं. आमचं तेच झालं.

सोलापुरात जायचं कुठं

सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, रक्तपेढीही आहे. रांग लांब, बोलणं कधी कधी तुसडं, पण "संस्थेचा नियम" तिथं आडवा येत नाही. महापालिकेचं डफरीन बाळंतपणासाठी जुन्या पिढीपासून माहितीचं आहे. पंढरपूरकडच्यांना तिथलं उपजिल्हा रुग्णालय जवळ. गर्भ राहू नये म्हणूनचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या आणि तांबी सरकारीत फुकट मिळतात. आशाताईंना विचारलं तर कुठल्या दिवशी जायचं तेही सांगतात.

बाळंतपण ट्रस्टच्या दवाखान्यात आणि ऑपरेशन सिव्हिलला, असंही करता येतं. फक्त सात दिवसांचा हिशेब आधी जुळवून ठेवा.

जिवावर बेतलं तर

बाईला सडकून ताप, अंगावरून भरपूर जातंय, पाण्याला वास येतोय, आणि समोरचे म्हणतायत, "आमच्याकडे गर्भपाताची मान्यता नाही." अशा वेळी ही सबब टिकत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्याचं कलम ५ म्हणतं की जीव वाचवायला तातडीनं गरज असेल, तर मान्यताप्राप्त जागा, आठवड्यांची मर्यादा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, यांतलं काही आड येत नाही. हे तिथं मोठ्यानं सांगा आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. कोण बरोबर याचा निवाडा नंतर होईल.

बलात्काराच्या घटनेत तर सरकारी असो की धार्मिक, प्रत्येक दवाखान्यानं लगेच आणि मोफत उपचार द्यायचे असतात. परत पाठवणं हा गुन्हा आहे. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ७२ तासांत घ्यायची असते. एके ठिकाणी ती नाकारली, तर तिथं बसून राहू नका.

तक्रार

खासगी दवाखान्यांची नोंदणी शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते. तक्रारही तिथंच द्यायची. ट्रस्टचा दवाखाना असेल तर एक प्रत धर्मादाय आयुक्त कार्यालयाला. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना मोफत वकील देतं, उत्पन्नाची अट नाही.

अर्जात तारीख, वेळ, "नाही" कोण म्हणालं आणि नेमक्या कुठल्या शब्दांत, हे लागतं. ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं. महिन्यानं अर्ज लिहायला बसलो तेव्हा मला सिस्टरच्या पेनाचं टोपण आठवत होतं, तारीख आठवत नव्हती, आणि जावेच्या डिस्चार्ज कार्डावर त्या बोलण्याची एक ओळही नव्हती.